धर्मपिता तरंगला

"नऊ मिलिमीटर जाड रबर! थंडीच्या बापालाही आत शिरता येणार नाही, आणि दहा वर्षं फाटणार नाही," नवा डुबकीचा सूट अंगात कोंबत एलादिओ म्हणाला. दुपारी भाचीचा बाप्तिस्मा होता, धर्मपिता तोच होता, आणि जेवणाचे मासे गारठलेल्या अटलांटिकमधून भाल्याने मारून आणायचं त्यानेच कबूल केलं होतं.

"अरे शहाण्या, एवढं जाड रबर बुचासारखं तरंगतं. कमरेला शिसं वाढव," शेजारचा मोंचो म्हणाला.

"पंधरा वर्षं बुड्या मारतोय मी. तू मला शिकवणार?"

दोन तास धडपडूनही एलादिओ हातभरसुद्धा खाली गेला नाही. शेवटी दमून, तोंडात श्वासाची नळी धरून, पालथाच तरंगत खालून जाणारे मासे मोजत राहिला. किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या म्हातारीने ते पाहिलं आणि "मेला, मेला!" म्हणून गावभर बोंब ठोकली. बचाव बोटीने आकडा घालून त्याला वर ओढलं, तेव्हा सूट ढुंगणावर टरकन फाटला. तो तशाच अवतारात चर्चकडे पळाला.


तोवर पाद्रीबाबांनी त्याच्या आत्म्याला शांती मागून मोंचोला धर्मपिता करून टाकलं होतं.