शेजारचा भोंगा

आमचे हे कैरोत पाळक आहेत, शिवाय सेमिनरीत उपदेश करायला शिकवतात. "थांबायचं कुठे ते कळलं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर रविवारी संध्याकाळी शेजारच्या मशिदीची अजान सुरू झाली की यांचा आवाज बुडतो, हे "आमेन" म्हणतात आणि मंडळी कोशरी खायला मोकळी.

परवा मशिदीचा भोंगा बिघडला. यांचा उपदेश नोहाच्या तारवात चढला, तो थेट नव्या करारातला पौल आला तरी उतरेना. घरी येताना म्हणाले, "आज काय रंगला होता, नाही गं?"

सकाळी मशिदीचे इमाम शेख रिदवान दारात. "पाळकसाहेब, तुमच्या लोकांचं प्रेम बघा! भोंगा दुरुस्त करायला एकदम तीन माणसं पाठवलीत!"



मी पाठवलेला चौथा अजून पोचायचा होता.