अडलेला अर्ज

सत्य कुठेही लपून राहत नाही, असं लालबागच्या शंतनूचं ठाम मत होतं. फक्त ते कुठल्या वेबसाईटवर उघडं पाडायचं, हे तोच ठरवायचा. साईटच्या पोटातल्या चुका दाखवणारं त्याचं टूल ऑफिसच्या साईटवर चालू आणि बाकी सगळीकडे बंद असायचं.

शेजारच्या रघुवीरकाकांचा नव्या खोलीचा अर्ज चाळीच्या पुनर्विकासाच्या वेबसाईटवर अडला, तेव्हा त्याने तिथेही ते चालू केलं. कारण लगेच दिसलं: ‘अर्जदार मयत, १४ मार्च.’

“काका, यांनी तुम्हाला मारूनच टाकलंय की! थांबा, तक्रार ठोकतो.” धीर द्यायला त्याने बाजूला बसलेल्या काकांच्या खांद्यावर हात ठेवला. हात थेट खुर्चीच्या पाठीला लागला.

“तारीख बरोबर आहे,” काका ओशाळून म्हणाले. “शिमग्याला गावी गेलो होतो ना, तेव्हाच झालं. चाळीत उगाच कुणाला बोललो नाही. चावी हातात पडेपर्यंत एवढ्या एका साईटवर तुझं ते टूल बंद ठेवशील का रे?”