दुपारची चिमूट

बाबांनी काचेच्या टाकीत माशांसोबत वाढवलेली प्रवाळं बघायला लोक लांबून यायचे. पाण्यातले क्षार, दिव्यांच्या वेळा, सगळं बाबांच्या हातात. आईला काचेला बोट लावायचीही बंदी होती. "हिला यातलं ओ की ठो कळत नाही," असं ते पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचे आणि आई चहा ठेवायला आत निघून जायची.

शेवटच्या आजारात आई लेकीच्या कानाशी पुटपुटली, "अगं, पाणी स्वच्छ राहावं म्हणून ते माशांना जेमतेम खायला घालतात. पाण्यात काही उरलंच नाही, तर प्रवाळं उपाशी मरतील. रोज दुपारी ते झोपले की मी चिमूटभर जास्त टाकते. त्यांना सांगू नकोस हं, मन मोडेल त्यांचं."

आई गेली. भेटायला आलेल्यांना बाबा म्हणाले, "एक बरं झालं, आता टाकीजवळ कुणाची लुडबुड नाही."

पुढे प्रवाळं पांढरी पडायला लागली. बाबांनी क्षार वाढवले, दिवे प्रखर केले, पाणी आणखी स्वच्छ केलं. एकेक फांदी मरतच गेली. शेवटी काचेला कपाळ टेकून त्यांनी रडवेल्या आवाजात लेकीला विचारलं, "सगळं तर बरोबर आहे. मग चुकतंय कुठं गं? तुला काही सुचतंय का?"

आईच्या कपाटात सापडलेली माशांच्या खाद्याची डबी लेकीने पर्समध्ये आणखी खोल सारली.



"मी आईवर गेलेय, बाबा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."