दुसरी नर्स

"मॅडम, तुम्हालाही नर्सिंग येतं ना? मग या की इकडे!" तबस्सुम सिस्टर ओरडल्या. भरलेल्या वॉर्डात दुपारच्या पाळीला त्या एकट्याच होत्या. एका आजोबांची छाती त्या दोन्ही हातांनी दाबत होत्या आणि पलीकडच्या खाटेवर एका तरुण बाईचा श्वास अडकत होता.

सुलक्षणा भिंतीशी उभी होती. नर्सवरचा कामाचा ताण हा तिच्या संशोधनाचा विषय. फक्त बघायचं, कशालाही हात लावायचा नाही, अशी तिच्या मार्गदर्शक सरांची सक्त ताकीद होती. त्या बाईचे ओठ निळे पडू लागले, तशी सुलक्षणाला स्वतःचीच किळस आली. हातातला टॅब टाकून ती धावली. नळीने घशातला कफ ओढला, ऑक्सिजन लावला. "ताई, श्वास घ्या, घ्या ना," ती विनवत राहिली.

डॉक्टर धावत आले, तेव्हा दोन्ही रुग्ण जिवंत होते.

संध्याकाळी सर फोनवर वैतागले. "आजची पाळी अभ्यासातून वगळ. आपल्याला एका नर्सचं काम मोजायचंय, तिथे तुम्ही दोघी झालात."

"वगळते सर," सुलक्षणाला रडू आवरेना. "उद्या त्या पुन्हा एकट्याच असतील."