अजून गॅस चालू आहे

विकलेलं मशीन न्यायला माणूस येणारच होता, तेवढ्यात मी हट्ट धरला, "बाबा, एक तरी जोड मला करू द्या." डोळे गेल्यापासून बाबांनी टिग वेल्डिंगची टॉर्च हातात धरली नव्हती. ते कुरकुरत स्टुलावर बसले. तोटी निखळलेली घरातली स्टीलची किटली मी पुढ्यात घेतली, तोंडावर काळी काच ओढली, आणि टॉर्च पेटताच सगळं वर्कशॉप विझलं. उरला फक्त वितळलेल्या स्टीलचा एक थेंब, काळोखात तरंगणारा इवलासा चंद्र. त्याच्याकडे बघता बघता मी इतकी हरवले की टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची सुई त्यातच बुडाली. "टेकवलीस!" बाबा ओरडले. "तुम्हाला कसं कळलं?" "खोकली की ती! जा, टोक घासून आण. तांदळाच्या जाडीइतकं अंतर ठेव, आणि जोडात भरायची तार थेंबात नुसती भिजव, पोहायला सोडू नकोस." या वेळी चंद्र सरकत राहिला आणि मी त्याच्यामागून चालत राहिले, किती वेळ कोण जाणे. जोड पुरा झाला, टॉर्च विझली, तरी मी हात हलवला नाही. तापलेल्या जोडावर टॉर्चमधून नंतरही येणाऱ्या गॅसची फुंकर राहिली नाही तर तो काळा पडतो, हे बाबांनीच शिकवलं होतं. फुसफुस थांबली तेव्हा कुठे काच वर केली. मशीन न्यायला आलेला माणूस दारात उभा होता. "झालं ना? उचलू?" स्टुलावर बाबांचा रिकामा हात टॉर्च धरल्यासारखा हवेत स्थिर होता. "थांबा," ते म्हणाले, "अजून गॅस चालू आहे."