सत्त्याऐंशीची बॅच

बाह्यांचा फुगा किती ठेवावा, हे उज्वलाचं काही केल्या ठरत नव्हतं.

साडी तिची स्वतःची, तरुणपणातली. निळी जॉर्जेट, पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आता तिने लांब, सरळ कुर्ता बेतला होता. आतून अस्तर, गळ्याला छोटी कॉलर. बाह्या मात्र त्या काळच्या ब्लाउजसारख्या फुग्याच्या हव्या होत्या. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक मुलगी सांगत होती, "जुनं सगळं एकदम अंगावर चढवू नका, नाटकातल्या पात्रासारखे दिसाल. एकच गोष्ट जुनी ठेवा, बाकी आजचं." उज्वलाने फुगा उसवला, चुण्या कमी केल्या, पुन्हा शिवला. आता तो खांद्यावर नुसता उचलल्यासारखा दिसायला लागला.

कुर्त्याची खालची कड सारखी करायला खरं तर दुसरं माणूस लागतं. आई होती तोवर ती जमिनीवर बसून टाचण्या लावायची. आईला जाऊन वर्ष झालं होतं. उज्वलाने दाराच्या चौकटीवर गुडघ्याच्या उंचीला खडू घासला आणि अंगातला कुर्ता चौकटीला टेकवत स्वतःभोवती हळूहळू फिरली. खुणा बऱ्यापैकी सरळ आल्या.

आमंत्रण सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत आलं होतं. कॉलेजच्या सत्त्याऐंशीच्या बॅचचं स्नेहसंमेलन, रविवारी सकाळी, गंगापूर रोडच्या लॉन्सवर. पोशाख : जुनी फॅशन, नव्या रूपात. खाली लिहिलं होतं, 'कुणी राहून गेलं असेल तर त्यांनाही कळवा.' ते शेवटचं वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

रविवारी जिन्यात खालच्या मजल्यावरची राखी भेटली.

"मावशी, काय दिसताय! कुठून घेतला हा कुर्ता?"

"घरीच केला. जुन्या साडीचा."

"भारी! आणि निघालात कुठे?"

"सत्त्याऐंशीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे."

"अय्या, मग किती वर्षांनी भेटणार सगळे?"

"पहिल्यांदाच," उज्वला म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या भराभर उतरली.

लॉन्सच्या दारात मोठ्या कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक गृहस्थ उभा होता. हा ज्ञानेश, आयोजक. "या, या! नाव?"

"उज्वला गांगुर्डे."

"अरे वा, उज्वला!" म्हणत त्याने नावाची चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि तिच्या मागून आलेल्या माणसाला मिठी मारली.

आत नुसता कल्ला होता. कुणी आईच्या पैठणीचं जाकीट घातलेलं, कुणी बेलबॉटमचा घेर अर्धा करून आणलेला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. उज्वलाजवळ येत, चिठ्ठीवरचं नाव वाचत, कपाळाला आठ्या घालून आठवायला बघत.

"तू सायन्सला होतीस का गं?"

"नाही."

"मग तरीच," असं म्हणून ती बाई पुढे गेली.

उज्वला कॉफीचा कप घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. घरात एकटं असायची तिला सवय होती. एवढ्या माणसांत एकटं उभं राहवेना. कॉफी संपली की निघायचं, असं तिने ठरवलं.

"उज्वला ना?"

समोर एक उंच, पिकल्या केसांचा माणूस उभा होता. अंगात चौकटीचा जुना तपकिरी कोट, रुंद कॉलर कापून अरुंद केलेली. टाके घरीच घातलेले, जरा वाकडे.

"मी ललित देवरे. खिडकीजवळ बसायचात तुम्ही."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही मागच्या बाकावर."

त्याने कोटाची कॉलर सारखी केली. "बरोबर. मागच्याच."

मिसळीच्या प्लेटा घेऊन दोघं एका टेबलाशी बसली.

"इकॉनॉमिक्सचे सर आठवतात? सारखे खोकायचे."

"खडूच्या धुळीने."

"हां, खडूच्या धुळीनेच! आणि कॅन्टीनचा चहा?"

"नुसतं गरम पाणी."

दोघांनाही हसू आवरेना. मग ललित बायकोबद्दल बोलला. ती गेल्यावर तिच्या शिलाई मशीनवरचं कापड त्याने पहिल्यांदा काढलं ते या कोटासाठी. मुलगी बंगळुरूला, फोन करते, पण घाईत असते. उज्वलाने त्याला दाराच्या चौकटीवरचा खडू सांगितला. हे ती कुणाला सांगेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुमचं हसणं अजून तसंच आहे," तो म्हणाला.

उज्वलाने चमचा खाली ठेवला.

तेवढ्यात माईकवर ज्ञानेशचा आवाज आला. "मंडळी, आता पडद्यावर आपल्या वर्गांचे जुने फोटो! प्रत्येकाने पुढे येऊन स्वतःला ओळखायचं!"

"मला निघायला हवं," म्हणत उज्वला उठली.

"चला, गेटपर्यंत येतो," ललितही लगेच उठला.

बाहेर ऊन चढलं होतं. रिक्षा मिळेना.

"पुढच्या रविवारी चहाला भेटू या?" त्याने विचारलं. "जुनं ओळखणारं कुणीतरी असलं की बरं वाटतं."

हो म्हणणं सोपं होतं. तिला म्हणायचंही होतं. पण हा भला माणूस दुसऱ्याच कुणाला तरी चहाला बोलावत होता.

"तुमची गफलत झालीय," ती म्हणाली. "मी त्या कॉलेजात कधी पाऊलही टाकलेलं नाही. सटाण्याला दहावी झाले आणि इथे अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. घर खायला उठलं होतं, म्हणून आज आले. माफ करा मला."

ललितने कोटावरची नावाची चिठ्ठी काढून हातात घेतली.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुम्हीसुद्धा नव्हतात?"