सगळं मंजूर

सकाळी साडेदहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर रविवारच्या सहलीच्या खाण्याची यादी सुरू झाली. लिहायला मुलगी बसली होती. वडिलांच्या गोडावर आणि तळणावर अकरा वर्षं पहारा ठेवल्यामुळे घरात तिला फौजदार म्हणत. वडील निवृत्त बसचालक. त्यांची रीत ठरलेली होती: चार पदार्थ मागायचे, तेव्हा कुठे एक पदरात पडायचा.

“तळलेले बटाटे,” ते म्हणाले.

तिनं लिहिलं.

“लोणी लावलेलं सँडविच. लोणी दिसलं पाहिजे, नुसता वास नको.”

“बरं.”

“आणि आइस्क्रीम. दोन कप.”

“तीन घेऊ या, बाबा.”

ते खो खो हसले. “फौजदारबाई, आज तब्येत बरी आहे ना?”

तिनं मान वर केली नाही. त्यांचं हसू थांबलं.

“सोमवारी डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तुला आत थांबवलं होतं. काय म्हणाले?”

“सांगितलं ना, रिपोर्ट चांगला आहे.”

ते ओट्यापाशी बटाटे सोलत असलेल्या बायकोकडे वळले. “तुलाही माहीत आहे?”

ती खाली मान घालून सोलत राहिली.

“म्हणजे माझ्याच गाडीत मला मागे बसवलंत, दोघींनी मिळून.”

त्यांनी यादीवर बोट ठेवलं. “रिपोर्ट चांगला असेल, तर यातलं एक तरी खोड.”

अकरा वाजले तेव्हा पेन तिच्या हातातच होतं आणि यादीतलं काहीही खोडलेलं नव्हतं.